उसातले डुक्कर आणि चित्रातले साहेब

श्रोतेहो, रानडुक्कर म्हणजे काय हे कळवणच्या शेतकऱ्याला मी सांगायला नको. रात्री येते, मका आडवा करते, भुईमूग उकरते आणि उसात शिरले की चार कांड्या खाऊन चाळीस मोडून ठेवते. सकाळी बांधावर उभे राहून नुकसान मोजायचे, एवढेच आपल्या हाती उरते. याच जनावराची चित्रे एके काळी विलायतेतल्या श्रीमंतांनी मोठ्या हौसेने विकत घेतली. त्या चित्रांविषयी आज थोडे बोलू. आपल्यात जे गुरुजी असतील त्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण जुने चित्र कसे वाचावे हा प्रश्न शेवटी वर्गातलाच आहे.

बंगालमध्ये कंपनी सरकारच्या फौजेत वीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केलेला टॉमस विल्यमसन नावाचा एक कप्तान होता. त्याच्या टिपणांवरून आणि रेखाटनांवरून १८०७ साली लंडनच्या एडवर्ड ऑर्म याने ‘ओरिएंटल फील्ड स्पोर्ट्स’ हा भला थोरला ग्रंथ काढला. त्यात शिकारीची ४० रंगीत चित्रे आहेत. ती काढली सॅम्युअल हॉविट याने. हा हॉविट स्वतः हिंदुस्थानात आलेला नव्हता! कप्तानाने दिलेल्या रेखाटनांवरून त्याने लंडनमध्ये आपला देश रंगवला.

चित्रे छापण्याची रीत मोठी खटपटीची होती. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड बसवायची, वरून तेजाब सोडायचे. जिथे तेजाब जास्त खाई तिथे छापताना गडद छटा उमटे, जिथे कमी तिथे फिकी. मग एकेका प्रतीवर हाताने रंग भरायचे. म्हणूनच धुके, धूळ आणि पहाटेचे आभाळ या चित्रांत फार सुरेख उतरलेले दिसते. कारागिरी उत्तम आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही.

या ४० चित्रांत डुकराच्या शिकारीची कितीतरी आहेत. त्यांतल्या एकाचा विषयच मुळी ‘डुकरासाठी ऊस झोडपणे’ असा आहे. आता विचार करा. डुक्कर उसात दडलेले. साहेब घोड्यावर, भाला घेऊन, उघड्या रानात वाट पाहत उभे. मग उसात शिरायचे कोणी? तर गावच्या माणसांनी. काठ्या आपटीत, आरडाओरडा करीत, पुढचे पाऊल कुठे पडते ते न दिसता. डुकराने मुसंडी मारली तर सुळा पहिल्यांदा लागायचा तो हाकाऱ्याच्या मांडीला. घोड्यावरच्या माणसाला निदान पळायला घोडा तरी होता. पण अशा चित्रांत मानाची जागा घोड्याला आणि स्वाराला. हाकारे मागच्या बाजूला, पुष्कळदा नुसत्या आकृत्या.

खेळाचे नियमही ठरलेले होते. ज्याच्या भाल्याने पहिले रक्त निघेल, शिकार त्याची आणि सुळेही त्याचेच. दुसरा नियम शेतकऱ्याने नीट ऐकावा. जिथे भाल्याची शिकार चाले त्या मुलखात डुकराला बंदुकीने मारणे हे साहेबलोकांत मोठे पाप मानले जाई. साहेब म्हणत, आम्ही डुकरे मारून रयतेचे पीक वाचवतो. त्यात काही तथ्य होतेच, मेलेले प्रत्येक डुक्कर म्हणजे तेवढा ऊस वाचला. पण पुढच्या हंगामाला खेळ हवा म्हणून डुकरे राखायचीही तेच. पीक कोणाचे आणि राखण कोणाची, पहा!

ही चित्रे बंगालची. आपल्याकडचा प्रकार जरा निराळा होता. पुढे बंगालमध्ये भाला आखूड झाला, त्याच्या बुडाला शिसे असे आणि तो वरून खाली खुपसत. मुंबई इलाख्यातला भाला लांब, तो खाली धरून पुढे रोखायचा. तेव्हा बंगालचे चित्र दाखवून ‘आपल्या भागात असेच चाले’ असे वर्गात सांगू नये. शिकारीचे वेड मात्र इकडेही तेवढेच. मुंबईचे गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांना भाल्याच्या शिकारीचा मोठा शोक होता. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी तर १८८९ साली या खेळावर अख्खे पुस्तकच लिहिले.

आपला बागलाणचा मुलूख इंग्रजी अमलात आधी खानदेशात होता. १८६९ साली नाशिक जिल्हा झाला तेव्हा तो इकडे आला. त्या खानदेशात १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अंमलदाराने भिल्ल पलटण उभी केली. आदल्या वर्षांत भिल्लांवर फौजा पाठवून झाल्या होत्या, उपयोग झाला नव्हता. औट्रम त्यांच्याबरोबर रानात शिकारीला हिंडला आणि त्यातून त्यांचा विश्वास मिळवला. म्हणजे माग काढणारा, जनावर कुठे बसले आहे हे सांगणारा भिल्ल नसता तर साहेबाची शिकारही नव्हती आणि पलटणही नव्हती. इतिहासात औट्रमचे नाव ठळक आहे. ज्यांनी त्याला रान दाखवले त्यांची नावे शोधू गेल्यास हाती फारसे लागत नाही.

याच्या उलट एक जुने उदाहरण आहे. कर्नाटकात आतकूर येथे एक वीरगळ होता. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या काळचा, म्हणजे सुमारे ९५० सालचा. मणलेर नावाच्या वीराने पराक्रमाचे बक्षीस म्हणून गंग राजा बूतुग याच्याकडे त्याचा आवडता कुत्रा मागून घेतला. तो कुत्रा एका दांडग्या रानडुकराशी झुंजला आणि दोघेही मेले. तर त्या कुत्र्यासाठी दगड उभारला, त्यावर कुत्रा आणि डुक्कर यांची झुंज कोरली, मजकूर लिहिला आणि राखणीसाठी जमीनही लावून दिली. हजार वर्षे उलटली तरी त्या कुत्र्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. काळी. तो दगड आता बंगळूरच्या सरकारी संग्रहालयात आहे.

गुरुजी, विल्यमसनची चित्रे आता मोबाईलवरही सापडतात. एखादे मुलांसमोर ठेवा आणि आधी घोडे नव्हे, हाकारे मोजायला सांगा. मग विचारा, हा ऊस कोणाचा असेल?