ग्रामोद्योगापासून नवीकरणीय ऊर्जेपर्यंत : ऊर्जा व निवारा या क्षेत्रांतील काही संस्थांच्या नावांचा इतिहास

शेणाची गोवरी, रानातला लाकूडफाटा, खळ्यावर धान्य उपणताना उपयोगी पडणारा वारा आणि वाळवण सुकविणारे ऊन, ही मनुष्याच्या परिचयाची अत्यंत प्राचीन अशी ऊर्जासाधने होत. तथापि १९८२ मध्ये केंद्र सरकारने या साधनांसाठी जो स्वतंत्र विभाग स्थापन केला, त्याच्या नावात त्यांना ‘अपारंपरिक’ असे विशेषण लाभले; आणि आगगाडीच्या मागोमाग सामान्य जनांच्या परिचयाचा झालेला दगडी कोळसा मात्र ‘पारंपरिक’ ठरला. या विपर्यासाचे वरवरचे कारण भाषिक आहे. पूर्वापार चालत आलेले ते एक, आणि सांप्रत रूढ असलेले ते दुसरे, असा भेद करणारी दोन विशेषणे इंग्रजीत आहेत. भाषांतर करताना दोन्ही ‘पारंपरिक’ या एकाच शब्दात विलीन झाली. ‘रूढेतर’ असा साधा शब्द योजणे अशक्य नव्हते. परंतु भाषांतरकारावर दोष ठेवून प्रश्न सुटत नाही. मूळ इंग्रजी नावही नकारात्मकच होते. आपण काय नाही, एवढेच ते सांगत होते. याच क्षेत्रात त्यापूर्वी पन्नास वर्षे काम करणाऱ्या संस्थांची नावे तशी नव्हती. हा बदल कसा घडला, हे पाहण्यासाठी वर्ध्यापासून आरंभ करणे इष्ट होय.

डिसेंबर १९३४ मध्ये वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या जागेला मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ मगनवाडी हे नाव मिळाले, आणि जे. सी. कुमारप्पा यांनी संघाच्या कार्याची धुरा वाहिली. तेलघाणी, हातकुटाईचा तांदूळ, कागद, मधमाशापालन ही संघाची कामे सर्वश्रुत आहेत. तितकी सर्वश्रुत नसलेली गोष्ट अशी, की घासलेटाऐवजी वनस्पतिजन्य तेलावर जळणारा ‘मगनदीप’ आणि धूर बाहेर नेणारी ‘मगन चूल’ यांची निर्मितीही याच परिसरातील. ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेल्या मगन संग्रहालयाचा हेतूही वस्तू नुसत्या जपून ठेवण्याचा नव्हता, खेड्यातील कारागिराने त्या पाहाव्यात व करून घ्याव्यात हा होता.

या खटाटोपामागे एक सुसंगत अर्थविचार होता. कुमारप्पांनी तुरुंगात लिहिलेल्या व १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोळसा, खनिज तेल, धातू यांचा मर्यादित साठा आणि वाहते पाणी, वाढते वन यांचा अखंड ओघ असा स्पष्ट भेद केला आहे. साठ्यावर उभारलेली अर्थव्यवस्था क्षणिक आणि ओघावर उभारलेली स्थायी, हा त्यांचा निष्कर्ष. हाच विचार संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रंटलँड आयोगाच्या १९८७ च्या अहवालानंतर निराळ्या नावाने जगभर मान्यता पावला, तेव्हा भारतीय लेखकांपैकी फारच थोड्यांना वर्ध्याची आठवण झाली. कुमारप्पांचा भेद केवळ पदार्थांचा नव्हता, हेही ध्यानात घेतले पाहिजे. साठ्यासाठी झुंज लागते, ओघ वाटून घेता येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणूनच संघाच्या नावात पदार्थाचा उल्लेख नसून ग्रामाचा व उद्योगाचा आहे.

गृहनिर्माणाच्या बाबतीत याच परिसराने दुसरे उदाहरण घालून दिले. १९३६ मध्ये गांधीजी शेगावात, म्हणजे पुढील सेवाग्रामात, राहावयास गेले. तेथील कुट्या माती, बांबू, स्थानिक लाकूड व देशी कौले यांनी, गावच्याच हातांनी उभ्या राहिल्या. त्यांच्या रचनेत मीराबेन यांचा मोठा वाटा होता. पुढे केरळात स्थायिक झालेले वास्तुशिल्पी लॉरी बेकर हे, आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिसरातून मिळालेले असावे, हा गांधीजींचा विचार आपल्या कामाची प्रेरणा म्हणून आवर्जून सांगत असत.

स्वातंत्र्यानंतर ग्रामोद्योगाचे काम शासनाश्रित झाले. १९५३ मध्ये मंडळ आणि १९५७ मध्ये संसदेच्या कायद्यान्वये खादी व ग्रामोद्योग आयोग, असा त्याचा प्रवास आहे. जशभाई पटेल यांनी १९५१ मध्ये तरंगत्या टाकीचे जे गोबरगॅस संयंत्र सिद्ध केले, त्याला त्यांनी ‘ग्रामलक्ष्मी’ हे नाव दिले. साठोत्तर काळात आयोगाने त्याचा प्रसार हाती घेतला. येथे मात्र नाव आणि व्यवहार यांत अंतर पडू लागले. घरगुती संयंत्र चालवावयाचे तर दावणीला चार-पाच जनावरे हवीत, आणि टाकी बसविण्याइतके भांडवलही हवे. ज्याच्यापाशी जनावर नाही, त्या भूमिहीनाच्या वाट्याला ही लक्ष्मी येणे कठीण. उलट पूर्वी रस्त्यावर फुकट वेचावयास मिळणारे शेण आता मालकाला मोलाचे वाटू लागले. ‘ग्राम’ हा शब्द गावातील भेद झाकतो, ही गोष्ट या काळात उघडकीस आली.

त्या भेदाला थेट सामोरे जाण्याचा प्रयत्न एका विज्ञानसंस्थेने केला, हे काहीसे अनपेक्षित वाटेल. १९७३ च्या तेलसंकटाच्या पाठोपाठ, १९७४ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत विद्युत्‌-रसायनशास्त्रज्ञ अमूल्य कुमार एन. रेड्डी यांच्या पुढाकाराने एक कक्ष स्थापन झाला. ‘विज्ञान व तंत्रविद्या यांचे ग्रामीण भागात उपयोजन’ अशा आशयाच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली, की ‘अस्त्र’ हा शब्द सिद्ध होतो. तो योगायोग नव्हे. अस्त्र हे साधन असते, आणि ते कोणीतरी कशावर तरी रोखलेले असते. कक्षाने तयार केलेल्या सुधारित चुलीला ‘अस्त्र ओले’ म्हणत. कन्नडमध्ये ‘ओले’ म्हणजे चूल; मराठी श्रोत्याला मात्र जळणाबाबत नकोसा असा भलताच अर्थ ऐकू येतो. के. एस. जगदीश व त्यांचे सहकारी यांनी मातीत शेकडा पाच ते आठ इतके सिमेंट मिसळून, हातयंत्राने दाबून, न भाजता ठोकळे करण्याची पद्धती परिणत केली. भट्टीचे जळण वाचल्यामुळे अशा भिंतीला लागणारी ऊर्जा भाजलेल्या विटांच्या भिंतीच्या निम्म्याहूनही कमी भरते.

या कक्षाच्या इतिहासात तुमकूर जिल्ह्यातील पुरा या खेड्याचा प्रयोग विशेष बोधप्रद आहे. सामुदायिक संयंत्र बांधून सर्व घरांना स्वयंपाकासाठी गॅस द्यावा, ही मूळ योजना. ती फसली. सगळ्या चुली पेटतील इतके शेण गावात नव्हते, आणि गावकऱ्यांना त्याहून अधिक निकड होती ती शुद्ध पाण्याची. शास्त्रज्ञांनी आपला प्रश्न बदलला. १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून कूपनलिकेचे पाणी नळाने व दिवाबत्तीची वीज घरोघर देण्यात आली. शेण आणून देणाऱ्याला त्याचे पैसे मिळत आणि गॅस निघाल्यावर उरलेला गाळ खत म्हणून परत जाई. ही व्यवस्था अनेक वर्षे गावानेच चालविली. यंत्र तेच राहिले, गरज कोणती हे ठरविणारा बदलला; या एवढ्या फरकाने फसलेली योजना उभी राहिली.

याच सुमारास इतरत्रही अशा संस्था उदयास आल्या. वर्ध्यास देवेंद्र कुमार यांनी ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र स्थापन केले. तेथे कुंभाराच्या चाकावरील शंकूच्या आकाराची कौले एकमेकांत बसवून कमानदार छप्पर रचण्याची रीत विकसित झाली. लाकूड व लोखंड वाचले आणि कुंभाराला काम मिळाले. केरळचे माजी मुख्यमंत्री सी. अच्युत मेनन, अर्थशास्त्रज्ञ के. एन. राज व बेकर यांनी १९८५ मध्ये त्रिचूर येथे ‘कॉस्टफोर्ड’ ही संस्था स्थापिली. विटा उभ्या कडेवर रचून भिंतीत पोकळी ठेवावी, म्हणजे सुमारे चतुर्थांश विटा वाचतात व उष्णताही अडते. छताच्या ज्या भागात काँक्रीट नुसता भार होऊन राहते, तेथे मंगलोरी कौले घालावीत. ही बेकर यांची तंत्रे या संस्थेने गवंड्यांना शिकविली. घराचा खर्च शक्यतो मजुरीत जावा, सिमेंट-पोलादात जाऊ नये, हा तिचा आग्रह होता.

शासनाची वाट या संस्थांना समांतर, परंतु वेगळी होती. १९८१ चा आयोग, १९८२ चा विभाग, १९९२ चे मंत्रालय हा तिचा क्रम. महाराष्ट्रात १९८५ मध्ये ऊर्जा विकास अभिकरण स्थापन झाले. ‘महाऊर्जा’ हे त्याचे रूढ नाव सुटसुटीत खरे, पण ‘महा’ हे राज्याच्या नावाचे संक्षिप्त रूप की ऊर्जेचे विशेषण, याचा उलगडा त्यातून होत नाही. ऑक्टोबर २००६ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने ‘अपारंपरिक’ सोडून ‘नवीन व नवीकरणीय’ हे नाव धारण केले. २००१ मध्ये भारतीय उद्योग महासंघाने हैदराबाद येथे हरित इमारतींसाठी परिषद स्थापन केली, आणि २००७ मध्ये ‘टेरी’ या संस्थेने विकसित केलेली मानांकन पद्धती मंत्रालयाने राष्ट्रीय पद्धती म्हणून स्वीकारली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळविली असता ‘गृह’ असा शब्द होतो. ‘अस्त्र’ ते ‘गृह’ या तीन दशकांत आद्याक्षरांतून संस्कृत शब्द साधण्याची हौस कायम राहिली, परंतु मोजण्याची वस्तू पालटली. गृहाच्या मानांकनात पाणी, वीज, बांधकाम-साहित्य यांचे गुण काटेकोर मोजले जातात, आणि महानगरांतील प्रचंड इमारतींचा विचार करता ते आवश्यकही आहे. मात्र हे घर कोणाच्या ऐपतीचे आणि ते बांधताना गावात किती मजुरी राहिली, हा कॉस्टफोर्डचा प्रश्न तेथे केंद्रस्थानी नाही.

‘अस्त्र’ हे नावही आता मागे पडले आहे. तो कक्ष आज ‘शाश्वत तंत्रविद्या केंद्र’ अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखला जातो. मराठीत या विशेषणासाठी ‘शाश्वत’ हा शब्द स्थिरावला, तो चिंत्य वाटतो. शाश्वत म्हणजे ज्याला अंतच नाही ते. हा परमार्थाच्या भाषेतील शब्द आहे. येथे अभिप्रेत आहे ती वस्तू जपली तरच टिकणारी. मडके, कापड, घोंगडे यांविषयी बोलताना बाजारात सहज वापरला जाणारा ‘टिकाऊ’ हा शब्द अर्थाला अधिक जवळचा होता. तो कदाचित फारच घरगुती वाटला असावा. आणि ज्या विशेषणापासून हे विवेचन सुरू झाले, ते मराठीतून अद्याप गेलेले नाही. केंद्राने ते सोडल्यानंतर चौदा वर्षांनी, डिसेंबर २०२० मध्ये, महाराष्ट्र शासनाने ऊन, वारा, उसाचे चिपाड इत्यादींपासून वीज निर्माण करण्याचे धोरण जाहीर केले, तेव्हा त्याचे नाव ‘अपारंपरिक ऊर्जा निर्मिती धोरण’ असेच ठेवण्यात आले.