चालू अभिलेखांची नक्कल

चालू अभिलेखांची नक्कल : ज्या अभिलेखात नोंदींची भर व दुरुस्ती सतत होत असते, त्याचे काम न थांबविता केलेली प्रत. प्रत करण्यास वेळ लागतो व तेवढ्यात मूळ बदलते. त्यामुळे प्रतीचा आरंभीचा भाग एका वेळचा, तर अखेरचा दुसऱ्या वेळचा होतो. प्रत्येक पान मुळाबरहुकूम असूनही संपूर्ण प्रत मुळाच्या कोणत्याही एका क्षणाच्या स्थितीशी जुळत नाही. जमिनीचे दप्तर व संगणकातील फाइली या दोहोंच्या इतिहासात हा प्रश्न आढळतो.

नांदेड व लातूर या जिल्ह्यांचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. संस्थानची राजभाषा उर्दू व महसुली वर्ष फसली होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा व उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले, तर नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा इ. मंडले आंध्र प्रदेशात गेली. १६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यातून लातूर जिल्हा वेगळा झाला. गावे एका कचेरीकडून दुसरीकडे गेली, पण खरेदी, वारस व वाटण्या त्यासाठी थांबल्या नाहीत.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार हक्कातील बदल प्रथम फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिल्यावर व नोंद प्रमाणित झाल्यावरच त्याचा अंमल सातबाऱ्यास दिला जातो. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असल्यामुळे तो कोठवरच्या बदलांचा आहे, हे ताडता येते. प्रत जुनी असली, तरी पुढील फेरफार क्रमाने लावून ती अद्ययावत करता येते.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणालीचा पाया घातला. तीत एक आज्ञावली फाइल वाचत असताना दुसरीस त्याच फाइलीत लिहिण्यास सर्वसाधारणपणे आडकाठी नसते. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत आलेली ‘टार’ ही आज्ञावली फाइली एकामागून एक वाचून त्यांचा संग्रह करते. पहिल्या खात्याची फाइल वाचून झाल्यावर त्यातील रक्कम दुसऱ्या खात्यात गेली व नंतर दुसरी फाइल वाचली गेली, तर संग्रहात तीच रक्कम दोन्हीकडे दिसते.

यावर तीन उपाय रूढ झाले. पहिला, इतर वापरकर्त्यांना दूर ठेवून प्रत करणे. हा निर्धोक असला, तरी त्यात काम थांबते. दुसरा, एका क्षणाची स्थिती गोठविणे. बदल होण्यापूर्वीचा मजकूर राखून ठेवणारी ही पद्धत १९९० नंतर प्रसार पावली. तिसरा, प्रत्येक बदल आधी स्वतंत्र नोंदवहीत लिहून तो प्रतीस नंतर लावणे. हा तिसरा उपाय तत्त्वतः फेरफार नोंदवहीचाच होय.

भूमिअभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८-८९ मध्ये वर्ध्यासह देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली व पुढे महाराष्ट्रभर पसरली. संगणकात सातबारा उतरविला जात असता तलाठ्याच्या हस्तलिखित दप्तरात फेरफार चालूच होते. परिणामी हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांत, तसेच गाव नमुना ७ व ८-अ यांतील क्षेत्रांत तफावती राहिल्या. त्या काढण्यासाठी ‘एडिट’ व ‘री-एडिट’ या आज्ञावली योजल्या गेल्या, २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन झाले आणि संहितेच्या कलम १५५ अन्वये लेखनप्रमाद दुरुस्त करण्यात आले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला.

पीककर्ज, खरेदीखत व भूसंपादनाचा मोबदला हे सातबाऱ्यावर अवलंबून असतात. नकलेत एक फेरफार सुटला, तर विकलेली जमीन विकणाऱ्याच्या नावे राहते किंवा वारसाचे नाव लागत नाही. म्हणून प्रतीचा अचूकपणा अक्षरे जुळण्याने सिद्ध होत नाही. ती कोणत्या क्षणाची आहे व त्यानंतरचे बदल कोठे नोंदले आहेत, हे सांगता आले पाहिजे.