पौगंडावस्था (मुलग्यांची)

मुलग्याचे शरीर प्रजननक्षम प्रौढ शरीरात बदलण्याचा काळ. बोलीत याला ‘वयात येणे’ म्हणतात. हा काळ बहुधा ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान सुरू होतो व काही वर्षे चालतो. सुरुवातीचे वय प्रत्येकाचे वेगळे असते. बदलांचा क्रम मात्र बहुतेकांत सारखाच असतो.

कारण : मेंदूतील अधोथॅलॅमसकडून इशारा मिळाला की पोष ग्रंथीतून एलएच व एफएसएच ही संप्रेरके रक्तात येतात. त्यांच्यामुळे वृषणांत टेस्टोस्टेरॉन तयार होऊ लागते आणि पुढे शुक्राणूही तयार होतात.

बदलांचा क्रम : पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ, ती घरच्यांच्या सहसा लक्षात येत नाही. वृषणाचे आकारमान ४ मिलिलिटर झाले की पौगंडावस्था सुरू झाली असे डॉक्टर मानतात. ते मोजण्यासाठी स्विस बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्राडर यांनी १९६६ मध्ये मांडलेली, चढत्या आकाराच्या मण्यांची माळ वापरतात. त्यानंतर जांघेत केस येतात व शिश्न वाढते. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने, वर्षाला ९-१० सेंटिमीटरपर्यंत वाढते. हातपाय आधी लांबतात, म्हणून चपला आणि विजारी लवकर अपुऱ्या पडतात. स्वरयंत्र मोठे होऊन कंठमणी दिसू लागतो व आवाज फुटतो. काखेत केस, मिसरूड, घामाचा वास, मुरमे, रुंद खांदे ही पुढची लक्षणे. मार्शल व टॅनर यांनी १९७० मध्ये या वाढीचे पाच टप्पे वर्णिले. ते आजही वापरात आहेत.

गैरसमज : झोपेत वीर्य बाहेर पडणे हा रोग नव्हे आणि त्याने अशक्तपणाही येत नाही. काही मुलांच्या स्तनाग्रांखाली दुखरी गाठ येते. ती बहुधा एक-दोन वर्षांत आपोआप जिरते. अशा भीतीवर जगणाऱ्या जाहिरातबाज औषधांपासून मुलांना जपले पाहिजे.

महाराष्ट्रातील प्रयत्न : र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने लैंगिक विषयांवर मराठीत मोकळेपणाने लिहिण्याचा पाया घातला. भारतीय बालरोग अकादमीचे ५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींचे सुधारित वाढ-तक्ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर यांचा प्रमुख वाटा आहे. किशोरवयीनांच्या आरोग्यासाठी केंद्र सरकारने २०१४ मध्ये ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू केला. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिकमधून किशोरवयीनांना सल्ला मिळतो.

पालकांसाठी : वयाच्या ९ वर्षांआधी बदल दिसू लागले किंवा १४ वर्षे पूर्ण होऊनही वृषणांची वाढ सुरू झाली नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. मुलीला पाळीबद्दल घरात कोणीतरी सांगते. मुलाला मात्र सहसा कोणी काही सांगत नाही. बदल सुरू होण्याआधीच वडिलांनी, मामाने किंवा शिक्षकांनी त्याच्याशी साध्या शब्दांत बोलावे.