दोन सूर्योदयांचा प्रवास

दोन गांवांमधील अंतर सृष्टीनें ठरविलेलें असतें. तें तोडण्यास लागणारा काळ मात्र मनुष्याच्या विद्येवर व धैर्यावर अवलंबून असतो. ऑस्ट्रेलियांतील पर्थ शहराच्या विमानमार्गांचा इतिहास याची साक्ष देतो.

फेब्रुवारी १९४२ मध्यें सिंगापूर जपानच्या हातीं पडलें आणि ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला जाणारा विमानमार्ग तुटला. तो पुन्हां जोडण्यासाठीं क्वांटास कंपनीनें जून १९४३ च्या अखेरीस पर्थ व सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, यांमध्यें कॅटलिना जातीचीं जलविमानें सुरू केलीं. स्वान नदीवरून उडालेलें विमान कोगल्ला सरोवरांत उतरे. मध्यें सुमारें ५,६०० किलोमीटरांचा हिंदी महासागर. शत्रूस चाहूल लागूं नये म्हणून बिनतारी यंत्र मुकें ठेवावें लागे. वाट दाखवीत ते आकाशांतील तारेच. इंधनाचेंच ओझें इतकें कीं, उतारू तिघांपेक्षां अधिक घेतां येत नसत. वारा जसा असेल तसे २७ ते ३३ तास लागत आणि प्रवाशांना एकाच उड्डाणांत दोनदां सूर्योदय दिसे. जुलै १९४५ पर्यंत अशा २७१ फेऱ्या झाल्या. त्यांत एकही प्राण गेला नाहीं.

मार्च २०१८ मध्यें त्याच कंपनीचें विमान पर्थहून सुमारें १४,५०० किलोमीटर दूरच्या लंडनला कोठेंही न थांबतां सुमारें १७ तासांत पोहोंचलें. या अवधींत पृथ्वी तसूभरही लहान झालेली नाहीं. लांबच्या प्रवासांत घड्याळाकडे पाहून कंटाळणाऱ्या उतारूनें, मुक्या यंत्राशेजारीं ताऱ्यांवर दृष्टि लावून बसलेल्या त्या वैमानिकांचें एकवार स्मरण करावें.