पुनर्बांधणी केलेल्या इंजिनातील तेलगळती : नांदूरघाट येथील एका अँबॅसिडरच्या निमित्ताने

यंत्रविद्येचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी बहुधा कारखान्याच्या दरवाजापाशी थांबते. मोटारीचा आराखडा कोठून आला, परवाना कोणास मिळाला, पहिली गाडी केव्हा बाहेर पडली, एवढे नोंदले की अभ्यासक पुढे जातो. तीच मोटार नंतर तीस-चाळीस वर्षे दुरुस्त होत राहते, तिचे इंजिन दोन-तीनदा बांधले जाते. या उत्तरायुष्याची नोंद मात्र सहसा कोणी ठेवत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय या उत्तरायुष्यातील एक क्षुल्लक भासणारी बाब आहे : नव्याने बांधलेल्या इंजिनातून होणारी तेलाची गळती.

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे गाव १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या हद्दीत होते. खुद्द बीड शहरासही दीर्घ काळ रेल्वे नव्हती. साहजिकच या मुलखात दळणवळणाचा भार रस्त्यावर आणि रस्त्याकडेच्या गॅरेजांवर पडला. अशाच एका गॅरेजात प्रस्तुत लेखकास १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असलेली एक जुनी अँबॅसिडर पाहावयास मिळाली. इंजिन नुकतेच बांधलेले होते. सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन व रिंगा घातलेल्या, क्रँक घासून बेअरिंगे बदललेली. तथापि आठ-दहा दिवसांतच इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्याखाली तेलाचे थारोळे दिसू लागले. मिस्त्रींनी चेंबर दोनदा उतरवून पॅकिंग बदलले, एकदा गिअरबॉक्सही खाली घेतली. गळती कायम. मालकाचा बराच पैसा खर्ची पडला होता आणि त्यांचा निकालही झालेला होता : खेड्यातल्या मिस्त्रीच्या हाताला सफाई नाही. भोवतालच्या मंडळींनीही माना डोलावल्या. हा निकाल पुराव्यास धरून आहे काय, हे तपासणे अवश्य वाटले.

प्रथम या इंजिनाचे कुळ पाहिले पाहिजे. बी-मालिका म्हणून ओळखले जाणारे हे ब्रिटिश इंजिन १९४७ मध्ये ऑस्टिन ए-४० या मोटारीत प्रथम बसविण्यात आले. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवर आधारलेली अँबॅसिडर हिंदुस्थान मोटर्सने उत्तरपाडा येथे बनविण्यास आरंभ केल्यानंतर थोड्याच काळात हे इंजिन तिच्यात आले. क्रँकला आधार देणारी बेअरिंगे तीन. मागील बेअरिंगच्या पलीकडे, फ्लायव्हीलकडे जाणारे तेल अडविण्यासाठी आज आपण ज्यास ऑइल सील म्हणतो तसे रबराचे कडे येथे नाहीच. त्याऐवजी क्रँकवरच एक आटा कापलेला असतो. क्रँक फिरू लागली की हा आटा बाहेर येऊ पाहणारे तेल स्क्रूप्रमाणे मागे ओढून पुन्हा चेंबरकडे पाठवितो. आटा आणि त्याभोवतीचे घर यांत स्पर्श नाही, केवळ बारीक फट आहे. म्हणजेच हा बंदोबस्त क्रँक फिरते तोवरच. इंजिन थांबले की तेथे उरलेल्या तेलास अडविणारे काही नाही.

रचनाकारांस हे ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. या कुळातील इंजिनांच्या फ्लायव्हीलच्या घराला तळाशी एक भोक ठेवून त्यात सैलशी स्प्लिट पिन अडकविलेली असे. पिन हलत राहून भोक चिखलाने बुजू नये आणि गळालेले तेल क्लच प्लेटवर न साचता खाली जावे, हा तिचा हेतू. थेंब पडणार हे गृहीत धरूनच केलेली ही सोय होय. पुढे १९६४ मध्ये इंग्लंडात एम.जी.बी. मोटारीसाठी याच इंजिनाची पाच बेअरिंगांची आवृत्ती निघाली आणि तीत मागे रबरी ओठाचे सील आले. अँबॅसिडरचे हे इंजिन मात्र जुन्याच घडणीचे राहिले. परदेशी स्पर्धेस फारसा वाव न ठेवणाऱ्या आयातधोरणाचा यात मोठा वाटा आहे, असे मला वाटते. २०१४ मध्ये गाडीचे उत्पादन थांबले, तरी जुन्या आराखड्यातले गुणदोष गॅरेजांच्या वाट्याला राहिलेच.

परंतु सगळा दोष आट्यावर ढकलणे हेही घाईचेच ठरले असते. तेल जेथे दिसते तेथून ते निघाले असेलच असे नाही. उताराने ते खाली येते आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे सरकते. म्हणून कोठूनही निघालेले तेल अखेर मागील सांध्याखालीच आढळते. तेव्हा इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करविले, संशयित सांध्यांवर खडूची बारीक पूड मारली आणि गाडी थोडी चालवून आणली. पूड प्रथम ओली झाली ती मागील सांध्याजवळ नव्हे, तर मॅनिफोल्डखाली दडलेल्या टॅपेटच्या बाजूच्या झाकणाशी. डोक्यावरून पुशरॉडच्या वाटेने उतरणारे तेल याच कप्प्यात येते. झाकण एकाच मधल्या बोल्टने दाबून धरलेले. गळती थांबावी म्हणून तो अधिकाधिक आवळला की पत्रा मध्ये खचतो, कडा उचलतात आणि कॉर्कचे पॅकिंग निरुपयोगी होते. येथे नेमके हेच झाले होते. उपायच विकारास पोसत होता.

याच्याही मागे एक कारण निघाले. चालू इंजिनाच्या तेल ओतण्याच्या तोंडावरील झाकण काढताच आतून धापा टाकल्यासारखी हवा येऊ लागली. नव्या रिंगा सिलिंडरात बसेपर्यंत काही जळका वायू खाली निसटतोच. तो बाहेर जाण्याची वाट म्हणजे टॅपेटच्या पुढील झाकणास जोडलेली श्वासनळी. ती जुन्या काजळीने जवळजवळ बंद होती. वायूस मार्ग नाही म्हणून आत दाब वाढे, आणि त्या दाबापुढे कॉर्क टिकत नसे, आटाही टिकत नसे. इंजिन बांधताना ही नळी साफ करावयाची राहिली, एवढा दोष मिस्त्रींकडे निश्चित जातो. त्यांनी तो विनातक्रार पदरी घेतला.

नळी मोकळी केली, झाकणाचा पत्रा ठोकून सपाट केला, नवे कॉर्क बसवून बोल्ट बेताने आवळला. थारोळे थांबले. रात्रभर गाडीखाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर मात्र सकाळी तीन-चार थेंब होतेच, आणि तेही नेमके स्प्लिट पिनच्या खाली.

हे थेंब घालविता येतील काय, असे मालकांनी विचारले. जुन्या ब्रिटिश मोटारींसाठी परदेशात रबरी सील बसविण्याची जोडसामग्री मिळते. परंतु तिच्यासाठी इंजिन पुन्हा सोडवून लेथवर न्यावे लागते. काही ठिकाणी ढिले बेअरिंग घट्ट करण्यासाठी कॅप घासण्याची रीत आहे, ती तर येथे सर्वस्वी अपायकारक. त्यामुळे आट्याचा मध्य आणि घराचा मध्य एकमेकांस सोडून जातात आणि फट एका अंगाला वाढते. मिस्त्रींनी तेलाची पट्टी काढून पातळी दाखविली. ती आदल्या दिवसाइतकीच होती. मालकांनी पट्टी दोनदा पुसून पाहिली, मग झालेल्या कामाची मजुरी किती ते विचारले.