शेंगतेलाचे ‘तूप’ : डालड्याचा इतिहास

१/८
कुंडल, पलूस, तासगाव. कृष्णाकाठच्या या पट्ट्यातील स्वयंपाकाचा आधार भुईमूग : कूट आमटीत, तेल फोडणीत. तूप मात्र पुष्कळ घरांत सणावारीच. अशा शेंगतेलाचे कारखान्यात ‘तूप’ झाले आणि त्याची किंमत हृदयाला मोजावी लागली.

२/८
शेंगतेलातील बहुतांश मेदाम्ले असंपृक्त. दुहेरी बंधापाशी त्यांची साखळी वाकते. वाकलेले रेणू दाटीने बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते.

३/८
१९०२ मध्ये जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान याने निकेलच्या साहाय्याने तेलात हायड्रोजन जोडून ते घट्ट करण्याचे पेटंट घेतले. ही प्रक्रिया अर्धवट थांबवली, तर उरलेल्या काही बंधांची रचना पालटते आणि साखळी सरळ होते. हेच ट्रान्स फॅट.

४/८
१९३०च्या दशकात मुंबईत शिवडीला वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. १९३७ मध्ये ‘डालडा’ बाजारात आला. पिवळा डबा, त्यावर ताडाचे झाड. कच्चा माल मुख्यतः शेंगतेल. रवाळ, टिकाऊ आणि तुपाहून स्वस्त! लग्नातील बुंदीपासून बेकरीतील खारीपर्यंत त्याचा संचार झाला.

५/८
विरोधही झाला. गांधीजींनी वनस्पतीवर टीका केली. १९५०च्या सुमारास बंदीचे विधेयक संसदेत आले. मुख्य आक्षेप दोन : तुपातील भेसळ आणि सत्त्वहीनता. बंदी आली नाही, पण वनस्पतीत तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे झाले. त्यामुळे भेसळीचे तूप रासायनिक चाचणीत गुलाबी-लाल होऊन पकडले जाई.

६/८
खरा धोका मात्र त्या चाचणीत दिसणारा नव्हता. १९१३ मध्ये रशियात अनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत थर साचल्याचे दाखवले होते. पुढे संशय मुख्यतः लोणी-तुपातील संपृक्त मेदावर राहिला. ‘वनस्पती’ हे नावच निर्धोक वाटे.

७/८
१९९० मध्ये नेदरलँड्सच्या मेन्सिंक आणि काटान यांच्या प्रयोगाने चित्र पालटले. संपृक्त मेदाने घातक एलडीएल कोलेस्टेरॉल वाढते. ट्रान्स फॅटने ते वाढतेच, शिवाय उपकारक एचडीएल घटते.

८/८
भारतात तेल-तुपातील औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आली ती जानेवारी २०२२ मध्ये. डालड्यानंतर ८५ वर्षांनी. यातून तूप निर्दोष ठरत नाही : संपृक्त मेदाच्या जागी असंपृक्त तेल आले, तर एलडीएल आणि हृदयविकाराचा धोका घटतो. प्रतिष्ठा तुपाला होती, म्हणून तेलाला तुपाचे रूप दिले गेले. आणि तेलाचा मूळ गुण नेमका त्यातच हरवला.