पितळेचा कळंक

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मराठी घरांत भांड्यांची जी परेड भरते, तिच्यापुढे पलटणीची कवायत फिकी पडावी. माळ्यावरून घंगाळ उतरते, समया सुट्या होतात, तांबे-पराती अंगणात रांगेने बसतात. चिंच, मीठ आणि राख एवढ्या सामग्रीवर दुपारपर्यंत सारे लखलखू लागते. मग घरातली वडीलधारी बाई तपासणीला येते. ती भांड्याच्या झगमगत्या पोटाकडे पाहतच नाही. काठाखालच्या खोबणीतून बोट फिरवते, भांडे उजेडाकडे तिरपे धरते आणि म्हणते, ‘‘कळंक राहिला आहे.’’ भांडे निमूटपणे परत चिंचेत जाते.

हीच नजर एके काळी शस्त्रांसाठी लागत असे. महाड-पोलादपूरच्या खोऱ्याचा इतिहास चाळताना मला लढायांइतकेच या तपासणीचे कुतूहल वाटत आले आहे. लढाई दोन दिवसांची असते. शस्त्र मात्र वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस सांभाळावे लागते. त्यातून हा मुलूख सावित्रीकाठचा. येथे पावसाळ्यात शंभर इंचांहून अधिक पाऊस कोसळतो आणि भिंतीलाही शेवाळ धरते. नावातच पोलाद मिरवणाऱ्या पोलादपुराला तरी गंजाची भीती कशी चुकावी?

प्रथम पितळेविषयी थोडे. तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते आणि कथील मिसळले की कासे. जुन्या कागदांत आणि बोलण्यात ज्या तोफा ‘पितळी’ म्हणून येतात, त्यांतल्या पुष्कळशा खरे तर काशाच्या, म्हणजे सुमारे नऊ भाग तांबे आणि एक भाग कथील अशा धातूच्या असत. हा धातू लोखंडासारखा गंजून सुटत नाही आणि फुटला तर वितळवून पुन्हा ओतता येतो. म्हणूनच आज किल्ल्यांवर ज्या तोफा उरल्या आहेत त्या बहुतेक लोखंडी. मोडीलाही मोल असलेले पितळ केव्हाच मुशीत गेले. बंदुकीची गोष्ट निराळी. रायफलीच्या नळीत गोळीला फिरकी देणारे आटे असतात आणि मऊ पितळेत ते लवकर झिजतात. म्हणून नळी लोखंडाची किंवा पोलादाची, आणि पितळ शोभेला व बळकटीला. एकोणिसाव्या शतकातल्या एनफील्ड आणि स्नायडर बंदुकांना घोड्याखालची कमान पितळेची असे, दस्त्याच्या तळाची पट्टीही पितळेची.

अशा शस्त्राचा खरा वैरी समोरचा शत्रू नव्हे. त्याच्या पोटातली राखच त्याचा घात करते. काळ्या दारूत सुमारे पाऊण हिस्सा सोरा असतो. उरलेला कोळसा आणि गंधक. ती पेटली म्हणजे सगळी धूर होऊन उडून जाते असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक वजन घन रूपात मागे राहते. हे क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. लोखंडावर त्यांनी गंज चढतो आणि त्यांतला गंधकाचा अंश तांब्या-पितळेला काळे करतो. यावर उपाय साधा, पण कष्टाचा. नळी पाण्याने, शक्य तर कढत पाण्याने, धुवायची. गजाला चिंध्या गुंडाळून ती कोरडी करायची. आणि मगच तेल द्यायचे. न धुता तेल दिले तर मळ आणि ओल दोन्ही आत कोंडली जातात. वरून तकाकी, आतून पोखरण!

बंदूक नवी असली म्हणूनही सुटका नाही. कारखान्यातले जुने चरबट स्क्रूच्या खाचेत राहिलेले असते. कातडी पट्टा जेथे पितळेला टेकतो तेथे हिरवे किटण धरते. जाणता तपासनीस भांडी तपासणाऱ्या त्या बाईप्रमाणेच मधला चकचकीत भाग सोडून सांधे पाहतो.

आपल्याकडे ही विद्या नवी नव्हती. रामचंद्रपंत अमात्यांचे ‘आज्ञापत्र’ १७१५ च्या सुमाराचे. शिवछत्रपतींच्या कारभारात वाढलेल्या या मुत्सद्द्याने गडाविषयी लिहिताना शौर्याची वर्णने केली नाहीत; ओलीची चिंता केली. दारूचे कोठार घरांपासून दूर असावे, तेथे ओल शिरू देऊ नये, हवालदाराने आठ-पंधरा दिवसांनी जाऊन दारू आणि बाण बाहेर काढावेत, त्यांना ऊन देऊन पुन्हा मोहोर करून ठेवावे, असे त्यांनी सांगितले. पावसाळ्यापूर्वी तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने बुजवावीत आणि तोफा झाकाव्यात, हीही ताकीद त्यात आहे. वर्षातून एकदा खंडेनवमीला शस्त्राला फूल वाहणे सोपे. आषाढातल्या मुसळधार पावसात कानाकोपऱ्यात मेण भरणारा माणूस जपणे अवघड. अमात्यांना हा फरक ठाऊक होता.

महाड तालुक्यातला रायगड १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांच्या हाती गेला. तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली आणि राजधानीच्या वास्तू भस्मसात झाल्या. गडावरचा हवालदार गेला. पण या खोऱ्यातला शिपाई संपला नाही. तो मुंबई इलाख्याच्या पलटणीत भरती झाला. त्यांत मराठे होते तसे महारही मोठ्या संख्येने होते. खांद्यावर बंदूक, छातीवर पितळी गुंड्या आणि सकाळी तपासणी! साहेब नळीतून उजेड पाही, कमानीवर बोट फिरवी. डाग दिसला तर शिक्षा. नसला तर तो शिपाई कोणत्या जातीचा हा प्रश्न तेवढ्यापुरता उरत नसे.

याच काळात पितळेने हिंदुस्थानातल्या लष्कराला एक कोडे घातले. काडतुसांची नवी कोरी पितळी कवचे पावसाळ्यात तबेल्यांत ठेवली की बाहेर काढताना त्यांना तडे गेलेले दिसत. आघात नाही, वापर नाही, तरी तडा. ब्रिटिश संशोधकांनी १९२१ मध्ये त्याचा उलगडा केला. कवच ओढून घडवताना पितळेत ताण कोंडून राहतो. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया त्या ताणाच्या जागी शिरतो आणि धातू फुटतो. कवच बेताच्या आचेवर तापवून ताण घालवला की दोष जातो. तात्पर्य, डाग धुऊन भागत नाही. आतला ताणही घालवावा लागतो.

हे सारे मला आठवते ते गोपाळबाबा वलंगकरांमुळे. महाडजवळच्या रावढळ गावी, १८४० च्या सुमारास, महार कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लष्करात नोकरी करून १८८६ मध्ये ते निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. ज्याच्या आयुष्याची उमेद रोजच्या तपासणीत गेली, त्याला गावात परतल्यावर काय दिसले? बंदुकीवरचा डाग धुता येत होता. जन्माबरोबर माथी मारलेला विटाळ मात्र कोणत्याच पाण्याने निघत नव्हता. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि हा विटाळ आला कोठून, असे धर्माच्या अधिकाऱ्यांनाच विचारले. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये त्यांनी अर्ज तयार केला. १८९५ मध्ये महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली, तर शेजारी बसावे लागेल म्हणून उच्चवर्णीय सभासदांचा जीव कासावीस झाला. १९०० मध्ये बाबा गेले.

त्यानंतर सत्तावीस वर्षांनी त्याच महाडात तपासणीचा दिवस उजाडला. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव नगरपालिकेने १९२४ मध्ये केला होता. कागद चकचकीत होता, सांधे मात्र मळलेलेच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. त्या परिषदेतल्या भाषणात त्यांनी या भागातल्या लष्करी पेन्शनरांची आणि बंद झालेल्या भरतीची आठवण करून दिली होती. पाणी प्याल्यावर परिषदेला आलेल्यांवर हल्ले झाले आणि नंतर पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ज्या तळ्यावर जनावरे पाणी पीत, तेथे माणसाच्या ओंजळीने विटाळ व्हावा! कळंक पाण्यात नव्हताच. तो घागरी वाहणाऱ्यांच्या नजरेत होता. उच्च न्यायालयाने तळ्यावरचा हक्क १७ मार्च १९३७ रोजी मान्य केला. भरतीचे दारही पुन्हा उघडले आणि १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली.

पितळ हा प्रामाणिक धातू आहे. त्याला डाग पडला तर तो लपवत नाही. हिरवा होतो, काळा होतो, पण सांगतो. आणि चिंच कोणाच्या हातची आहे हे विचारल्यावाचून उजळतो. तुळाजवळच्या या गुणाची बरोबरी करायला माणसाला फार काळ लागतो. महाडला गेलात तर रायगड पाहाच. पण उतरल्यावर चवदार तळ्याच्या पायऱ्यांवरही क्षणभर थांबा. या तालुक्याने शस्त्रांचे डाग शतकानुशतके घासले. त्याहून चिवट डाग घासायला सुरुवात त्या पायऱ्यांवर झाली, आणि ते काम अजून पुरे झालेले नाही.